वारं पडेपर्यंत: नाथसागरात काठाकाठानं होडी नेणाऱ्या नवख्यांसाठी

मराठवाड्याला समुद्र नाही, हे आपण शाळेतच पाठ केलेलं असतं. पण मे महिन्यातल्या दुपारी पैठणजवळ नाथसागराच्या काठावर उभं राहून बघा. पश्चिमेचं वारं सुटलेलं असतं, पलीकडचा काठ धुळीत दिसेनासा झालेला असतो आणि पाण्यावर पांढऱ्या फेसाच्या रांगा एकामागून एक चालून येत असतात. जायकवाडी धरण १९७६ साली सुरू झालं. त्याच्यामागचं पाणी, म्हणजेच नाथसागर, सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं आहे. एवढ्या पाण्यावर वाऱ्याला धावायला मोकळं मैदान मिळतं आणि ते तो सोडत नाही.

संभाजीनगर, जालन्याकडून फायबरची होडी किंवा कयाक घेऊन येणारी पोरं मला दर हंगामात भेटतात. वल्हं कसं मारायचं, कुठली होडी घ्यायची, हे विचारतात. वल्हं दोन दिवसांत जमतं हो. मला थांबायला शिकायला तीन उन्हाळे लागले. म्हणून या लेखात वल्ह्याबद्दल थोडं आणि थांबण्याबद्दल जास्त आहे.

होडी पाण्यात घालायच्या आधी

नाथसागर हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ इथं लागू होतो. त्यामुळे वनविभागाच्या परवानगीशिवाय होडी घालायची नाही. धरण आणि त्याच्या लगतचा भाग जलसंपदा विभागाकडे आहे, तिथं जायचंच नाही. इंजिन लावायचा विचारही सोडा. थंडीत हजारो पक्षी उतरलेले असतात, एका इंजिनाच्या आवाजानं अख्खा थवा उठतो. परवानगीला वेळ लागला तर लागू द्या. थांबायची पहिली तालीम तिथंच होते.

सगळ्यात सोपा आणि शहाणपणाचा रस्ता म्हणजे पहिल्या चार-पाच फेऱ्या मासेमारी करणाऱ्या एखाद्या मामांसोबत करणं. ही माणसं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून असं पाणी कापतात की आपली महागडी होडी लाजावी. पाण्याखाली कुठं काय आहे हे त्यांना ठाऊक असतं, आणि हे ज्ञान कुठल्याही नकाशात मिळत नाही. धरणात शंभराहून जास्त गावं गेली. घरांच्या भिंती, देवळांचे चौथरे, बाभळीची खोडं आणि विहिरी, हे सगळं खाली तसंच आहे. पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १,५२२ फूट. तेवढं पाणी असताना होडी यावरून बिनधास्त जाते. जानेवारीनंतर पाणी उतरू लागलं की काल ज्या जागेवरून गेलात तिथंच आज दगड वर आलेला असतो. पेपरात येणारी टक्केवारी ही फक्त वापरायच्या साठ्याची असते. शून्य टक्के छापून आलं तरी मृतसाठ्याचं सव्वीस टीएमसी पाणी शिल्लक असतं, पण ते आकसलेलं, गढूळ आणि खोडांनी भरलेलं.

सामानाची यादी लांबवत नाही. लाइफ जॅकेट प्रत्येकाला एक, आणि अंगात घातलेलं. होडीत अंथरलेलं जॅकेट म्हणजे उशी. शिट्टी. पाणी उपसायला बुड कापलेला पाच लिटरचा कॅन, दोरीनं होडीला बांधलेला. नांगर आणि तीस मीटर दोरी, शिवाय बांधायला दहा-दहा मीटरच्या दोन दोऱ्या. सरळ, लांब बांबू. एक बादली. पावसाळी पिशवीत मोबाइल आणि पॉवर बँक. माणशी चार लिटर पिण्याचं पाणी, कारण भोवती एवढं पाणी असलं तरी ते तसंच प्यायचं नसतं. खायला धपाटे नाहीतर दशम्या, सोबत शेंगदाण्याची चटणी. फेरी तीन तासांची असली तरी डबा दोन वेळचा घ्यायचा. बिस्किटाच्या पुड्यावर दिवस काढायची वेळ माझ्यावर आली होती, ते पुढं सांगतो.

दिवस आणि तास निवडताना

चांगल्या हवेतही इथल्या वाऱ्याचं एक वेळापत्रक असतं. रात्री जमीन गार होते, खालची हवा जड होऊन निजते, म्हणून पहाटे पाणी आरशासारखं असतं. नऊ-दहाला ऊन तापलं की वरचं वारं खाली उतरतं आणि दुपारी तीन-चारपर्यंत वाढत जातं. सूर्य कलला की पुन्हा पडतं. यावरून नवख्यासाठी नियम असा की दिसू लागलं की निघायचं आणि साडेनऊला काठावर असायचं. दहानंतर पाण्यावर राहायचं असेल तर आपण नवखे नाही एवढी खात्री हवी.

दिशाही लक्षात ठेवा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारं बहुतेक पश्चिमेकडून येतं, दिवाळीनंतर पूर्व-ईशान्येकडून. जाताना वाऱ्याला तोंड द्यायचं, म्हणजे येताना ते पाठीशी असतं. माझी पहिली मोठी चूक नेमकी इथं झाली. मावसभावासोबत मे महिन्यात निघालो, वारं पाठीवर होतं, होडी आपोआप चाललेली, दोघंही खूश. परतायला वळलो आणि अर्धा तास जीव तोडून वल्हं मारल्यावर पाहिलं, तर काठावरची बाभूळ जिथल्या तिथं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे गणित त्या दिवशी दंडांना कळलं. दुपारी दोनपासून तिन्हीसांजेपर्यंत एका नाल्याच्या तोंडाशी बसून राहिलो. एक बाटली पाणी, एक पुडा. जवळच जाळं सुकवत बसलेल्या एका म्हाताऱ्या मामांनी आमची तडफड बघून एवढंच म्हटलं, "वारं पडू द्या की. घाई कुणाला हाय, तुम्हाला का पाण्याला?"

आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज बघायचा. पिवळा इशारा असला तरी नवख्यानं फेरी रद्द करावी. नारिंगी-लालचा प्रश्नच येत नाही. निघायच्या आधी पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज बघा. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अॅप फोनमध्ये असू द्या. घरी कुणाला तरी सांगून निघा: कुठल्या काठानं, कुठपर्यंत, आणि किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर ११२ ला कळवायचं.

काठ धरून जाताना

काठाकाठानं म्हणजे काठाला घासून नव्हे. अगदी जवळ गेलात तर बेशरमाची झुडपं, शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप आणि केबली असतात. केबल दिसली की लांबून वळसा घ्यायचा. तिला कुठं जोड दिलाय, तो उघडा आहे का, हे पाण्यातून कळत नाही. ओल्या हातानं ती बाजूला सारायची तर नाहीच नाही. पन्नास ते शंभर मीटर अंतर ठेवा. होडी उलटलीच तर तिला धरून तरंगत राहता येईल आणि काठावरच्या माणसाला शिट्टी ऐकू जाईल, एवढं ते अंतर आहे. पाण्यावर प्लॅस्टिकच्या बाटल्यांची किंवा थर्माकोलच्या तुकड्यांची ओळ दिसली की खाली जाळं आहे. ते कुणाचं तरी पोट आहे. ओळीच्या टोकाला वळसा घालून जा.

जाताना एक काम सतत चालू ठेवायचं, ते म्हणजे थांबे मोजणं. आत्ता वारं सुटलं तर कुठं शिरायचं? नाथसागराला मिळणाऱ्या ओढ्या-नाल्यांच्या तोंडांत बॅकवॉटर आत घुसलेलं असतं, आणि मध्ये मध्ये जमिनीच्या सोंडा पाण्यात आलेल्या असतात. सोंडेच्या आडोशाला पाणी शांत असतं. आम्ही दोन थांब्यांमध्ये वल्ह्यानं वीस मिनिटांपेक्षा जास्त अंतर राहील अशी वाट घेत नाही. वाट लांबते, वेडीवाकडी होते. होऊ द्या. एका काठावरून दुसऱ्या काठाला, म्हणजे पैठण-गंगापूरच्या बाजूनं शेवगाव-नेवाशाच्या बाजूला, आडवं जायचा मोह पहिल्या वर्षी तरी टाळा.

आणि धरणाच्या भिंतीपासून लांब राहायचं. परवानगीचा भाग सोडला तरी कारण साधं आहे. धरण पाण्याच्या पूर्व टोकाला आहे. पश्चिमेचं वारं सगळ्या लाटा ढकलत तिथंच आणतं. जवळपास दहा किलोमीटरच्या भिंतीच्या दगडी अस्तरावर (पिचिंगवर) आपटून त्या उलट्या फिरतात. येणारी आणि परतणारी लाट एकमेकींत मिसळली की पाणी उकळल्यासारखं दिसतं, होडीला कुठली बाजू द्यावी तेच कळत नाही. त्यातून २७ दरवाज्यांपैकी काही उघडे असतील तर विचारूच नका.

वारं सुटलंच तर

खूण अशी: पाण्यावर तुरळक पांढरे फेस दिसू लागले की वारं ताशी बारा ते एकोणीस किलोमीटरचं झालंय. जिकडे बघावं तिकडे फेस असला की वीसच्या पुढं गेलंय. तुरळक फेस दिसताच जवळचा थांबा गाठायचा. दाट फेस होईपर्यंत वाट बघायची नाही.

ही लाट समुद्राच्या लाटेसारखी नसते. समुद्रावर मोठी लाट लांब आणि निवांत असू शकते, होडी तिच्यावर चढते आणि उतरते. इथलं पाणी काठाशी उथळ, त्यामुळे लाट बुटकी पण आखूड आणि उभी. एक ओलांडेपर्यंत दुसरी नाकावर. होडी लाटेला आडवी होऊ द्यायची नाही. नाक लाटेच्या थोडं तिरकं ठेवायचं. उभं राहायचं नाही, बैठक सोडून होडीच्या तळाशी बसायचं. दमलात आणि पुढं सरकत नसाल तर बादलीला दोरी बांधून ती नाकाकडून पाण्यात सोडा. बादली पाणी धरते, होडीचं नाक वाऱ्याकडं राहतं आणि श्वास घ्यायला उसंत मिळते. होडी भरली किंवा उलटली तर एकच गोष्ट करायची, ती धरून राहायची. काठ जवळ दिसतो म्हणून पोहत सुटू नका. पाण्यावरून अंतर नेहमी कमी वाटतं.

थांबणं

थांबण्याचे इथं तीन प्रकार आहेत.

पहिला वळवाचा. चैत्र-वैशाखात दुपारनंतर पश्चिमेला किंवा दक्षिणेला ढगांचे मनोरे उभे राहतात. आधी वारं एकदम पडतं, पाणी तेलासारखं होतं, आणि नवख्याला वाटतं की बरं झालं, आता निघू. तीच फसवणूक. थोड्याच वेळात ढगाच्या बाजूनं गार झोत येतो, त्याच्याबरोबर धूळ आणि ओल्या मातीचा वास. हा वास कितीही आवडत असला तरी तो आला तेव्हा तुम्ही काठावर असायला हवं. ढग डोक्यावरून पुढं गेला की वारं उलट बाजूनं येऊ शकतं, म्हणून वळवासाठी दोन्हीकडून आडोसा असलेली जागा निवडा. वीज चमकली की मोजायला लागा: गडगडाट ऐकू येईपर्यंत दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज तुमच्यापर्यंत पोचण्याइतकी जवळ आहे. होडीतून उतरा, पाण्यापासून दूर व्हा. एकट्या झाडाखाली जाऊ नका, मोटारीच्या पत्र्याच्या खोपटातही नको. पक्कं घर किंवा बंद गाडी मिळाली तर उत्तम. नसेल तर खोलगट जागेत पाय जुळवून उकिडवं बसा, एकमेकांपासून अंतर ठेवून. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर तीस मिनिटं थांबायचं. मध्ये पुन्हा गडगडलं तर घड्याळ पुन्हा शून्यावर. मराठवाड्यात दरवर्षी विजेनं माणसं आणि जनावरं जातात, त्यामुळे यात कसलीही सवलत नाही.

दुसरा प्रकार झडीचा. श्रावण-भाद्रपदात झड लागली की दोन-तीन दिवस सूर्य दिसत नाही. वारं एका दिशेनं, न थकता. वर नाशिककडे पाऊस झाला की इथं आभाळ कोरडं असतानाही पाणी चढतं, दरवाजे उघडतात. अशा वेळी थांबायचं म्हणजे होडी पाण्याबाहेर काढून, पालथी घालून घरी बसायचं.

तिसरा थंडीतल्या धुक्याचा आणि दुपारच्या वाऱ्याचा. हा सगळ्यात गोड. सकाळी पाण्यावर धुकं असलं तर जाळी, खोडं, काहीच दिसत नाही. ऊन वर येईपर्यंत काठावरच बसून राहा. याच काळात पट्टकादंब, चक्रवाक, कधी रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात. मला तर वाटतं, वाऱ्यानं अडकवलं नसतं तर मी पक्षी बघायला कधी शिकलोच नसतो. फक्त थव्याकडं होडी न्यायची नाही. बसल्या जागेवरून दिसेल तेवढं बघायचं.

आता होडी बांधायची कशी. नाल्याच्या तोंडात शिरताना अगदी आत, अरुंद जागेत जाऊ नका. वरच्या रानात पाऊस झाला तर नाला बघता बघता लोंढा आणतो. उतरण्याआधी बांबूनं तळ चाचपा. हे मी दहा वेळा सांगेन. गुडघाभर पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल जुन्या विहिरीत पडू शकतं. दुसरी भीती गाळाची. काळा गाळ पायाला धरून ठेवतो. रुतलात तर धडपडू नका, बांबू आडवा टाकून त्यावर भार द्या, मागं रेला आणि एकेक पाय हळू काढा.

नांगराची दोरी खोलीच्या पाच ते सात पट सोडायची. तीन मीटर पाण्यात पंधरा ते वीस मीटर. कमी दोरी सोडली की नांगर वर उचलला जातो आणि घसरतो. दगड बांधून केलेला नांगर या गाळात धरत नाही. रुंद पात्याचा घ्या, आणि त्याच्यापुढं तीन-चार मीटर साखळी लावा. नाक नांगराला, मागची बाजू काठावरच्या झाडाला, आणि दोरीला थोडी ढील. मग काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवा, समजा एक खांब आणि त्याच्यामागचं झाड. त्या रेषेतून सरकल्या तर नांगर घसरतोय.

काठावर रान दिसतं ते बहुतेक कुणाच्या तरी गाळपेऱ्याचं असतं. पाणी उतरलं की शेतकरी तिथं पेरतात. पिकातून वाट काढायची नाही. कुणी दिसलं तर आधी रामराम, मग "मामा, वारं पडेपर्यंत इथं थांबू का?" असं विचारायचं. नाही म्हणालेला माणूस मला अजून भेटलेला नाही. उलट चहा होतो, आणि पुढच्या काठावर कुठं खोडं आहेत तेही कळतं.

निघायचं कधी

दुपारी अडकलात तर खिडकी एकच असते: वारं पडल्यानंतर आणि अंधार पडण्याआधी. डिसेंबरात सूर्य पावणेसहा-सहाला मावळतो, मेअखेरीस सातच्या सुमारास. घरचा काठ वल्ह्यानं एक तास असेल तर मावळतीच्या दीड तास आधी निर्णय घ्या. तेव्हाही फेस दिसत असतील तर आज निघायचं नाही. अंधारात जाळी, खोडं, केबली, काहीच दिसत नाही, आणि अभयारण्यात रात्री पाण्यावर असायची मुभाही नाही.

आणि इथं आपल्याला समुद्रावरच्या माणसापेक्षा मोठी सोय आहे. त्याला बंदर गाठावं लागतं. आपण होडी बांधून, वल्ही खांद्यावर टाकून गावात चालत जायचं आणि एसटी धरायची. पहिल्यांदा लाज वाटते. वल्हं घेऊन लाल परीत चढलेल्या माणसाकडं कंडक्टरही दोनदा बघतो. पण मी हे सहा-सात वेळा केलंय. ज्या दिवशी नाइलाजानं नाही, आपण होऊन एसटीनं आलो, त्या दिवसापासून घरचे मला होडी न्यायला अडवत नाहीत.

होडी ठेवून जाताना ती पूर्ण वर ओढा, पालथी करा, झाडाला बांधा, आणि जवळच्या शेतातल्या माणसाला सांगून जा. दुसऱ्या दिवशी पहाटे परत आलात की लगेच हात घालून ती उलटू नका. पालथ्या होडीखाली गारवा असतो, साप-विंचू आश्रयाला येतात. बांबूनं तीन-चार वेळा ठोका, जरा थांबा, मग लांबच्या कडेनं उचला.